भानुराय घडवताना: ‘सातपाट’च्या प्रकल्प नोंदी

२२ डिसेंबर २०२४

खेळाचं नाव ठरलं, ‘सातपाट’. वाचायचं, निवड करायची, पुढं जायचं, चित्रं मोजकीच. लिहिणं माझ्याकडं, कोड धाकट्या भावाकडं. जग असं की सात पाटांचा एक कोरडा मुलूख आहे, खडकाखाली पाणी झोपलेलं आहे आणि ते उठवणं फक्त पाणाड्यांना जमतं. तळहातावर नारळ धरून रान पालथं घालणारा पाणाड्या आमच्या लातूरकडं बोअर पाडायच्या आधी अजून बोलावतात. आमच्या खेळात त्याचा नारळ खरोखर बोलतो. त्याची किंमतही आहे. विहिरीला पाणी लागलं की पाणाड्याच्या कानातून एक आवाज कायमचा जातो. कुणाचा चिमण्यांचा, कुणाचा पावसाचा, कुणाचा आईच्या हाकेचा.

या मुलखातला खलपुरुष म्हणजे महामंडलेश्वर भानुराय. उंचवाड्याच्या गादीचा मांडलिक. सातातले तीन पाट त्याच्या ताब्यात आहेत, उरलेले चार हवेत आणि पुढंमागं गादीही हवी. ‘महामंडलेश्वर’ ही पदवी जुन्या ताम्रपटांतून उचलली. चालुक्य-यादवांच्या काळात मोठ्या मांडलिकांना ती खरंच असे.

भावानं त्याचं वर्णन लिहून ठेवलं होतं: उंच, घारे डोळे, हसला की अंगावर काटा. मी ते काढलं. घाऱ्या डोळ्यांची आमची आत्या जन्मभर कुणाला उलटून बोलली नाही. आणि काटा आणणाऱ्या माणसाला गावात दुसऱ्यांदा कोण भेटायला जाईल? भानुरायकडं तर रोज सकाळी रांग लागायला हवी.

३० डिसेंबर २०२४

वेळ अमावस्या. सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबिल झालं, आणि मोठे काका बाभळीखाली आडवे झाले तेव्हा त्यांना गाठलं. काका तलाठी होते, आता निवृत्त आहेत. विचारलं, काका, समजा एखादा सरदार आहे, त्याला रयतेला लुटायचंय पण बोभाटा नको. कसं करील?

“कोणता सरदार?”

“गोष्टीतला.”

“मग ठीक.” काका उठून बसले. “तुझा सरदार धान्यात वसुली घेतोय का पैशात?”

धान्यात, म्हटलं. मग त्यांनी समोरचं पातेलं ओढलं, त्यात ज्वारी भरली, वर हातानं डोंगर केला. दाणे कडेनं घरंगळायला लागले तरी टाकतच राहिले. “ही शीग. घेताना असं घ्यायचं.” मग हाताच्या कडेनं वरचं सगळं पुसून टाकलं. “अन् देताना असं. माप तेच, त्याच्यावर सरकारी शिक्का तोच. कुणी तपासायला आलं तर काय सापडंल? काहीच नाही. खोटं माप ठिवणारा माणूस येडा असतोय माय, एक ना एक दिवस धरला जातोय.”

खाली चादरीवर पुसलेली ज्वारी पडली होती. काकांनी ती गोळा केली आणि आमच्या घरच्या पोत्यात टाकली. “अन् ही कुणाची, तर माप धरणाऱ्याची. त्येला पगार द्यायचा नाही. पगार द्यायचा नाही हे लिहून ठेव, महत्त्वाचं हाय.”

लिहून ठेवलं.

दुसरी गोष्ट त्यांनी आंबिलाचा तांब्या रिकामा करत सांगितली. कागद अडवायला खोटी सही, खोटा शिक्का, काही लागत नाही. नुसता उशीर पुरतो. बाप मेला, वारसाची नोंद व्हायचीय, पेरणी तोंडावर आलीय, आणि फेरफार पडून आहे. कुणी ‘नाही’ म्हणत नाही. सगळे ‘होईल की’ म्हणतात.

भानुराय ‘नाही’ हा शब्द अख्ख्या खेळात एकदाही उच्चारणार नाही. हे आजच ठरलं.

३ जानेवारी २०२५

खेळणारा कोण, याचा निकाल लागला. योद्धा नाही, पाणाड्याही नाही. तो गढीच्या दप्तरातला नवा कारकून. तलवार नाही, बोरू आहे. भानुरायला तो हिशेबातून ओळखत जातो. भावाचं म्हणणं पडलं की कारकून होऊन कोण खेळेल. मी म्हटलं, लातुरात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन फिरणारी पोरं मोज, मग बोल.

पहिल्या भेटीचा प्रसंग लिहिला, थोडा इथं ठेवते:

‘रांगेत पुढं एक म्हातारी होती. भानुरायांनी तिच्या ओच्यातली ज्वारी चिमटीत घेतली, एक दाणा दाताखाली फोडला. “औंदा दाणा बारीक राहिला, यमुनाबाई. पाण्याची पाळी उशिरा आली का?” म्हातारी म्हणाली, दोन पाळ्या चुकल्या. ते मागं वळले. “यमुनाबाईच्या पाळीचं बघा.” तुम्ही वहीत लिहिलं. म्हातारी हात जोडून गेली. संध्याकाळी वही मिटताना तुमच्या लक्षात आलं, या पानावर ‘बघा’ एकोणीस वेळा आहे आणि त्यांतलं काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नाही.’

त्याला प्रत्येकाचं नाव पाठ आहे. जेवायला तोही भाकरीच खातो. लाच तो स्वतःच्या हातानं कधीच घेत नाही.

८ जानेवारी २०२५

आज सगळा दिवस एकाच प्रश्नात गेला. भानुराय लुटतो कशासाठी? ‘हावरा आहे’ हे उत्तर लिहायला सोपं, पण त्यावर खेळ चालत नाही. हाव वाढत जाते, अमुक तारखेला अमुक रक्कम हवी असं तिचं नसतं. मला असं काहीतरी हवं होतं जे दर महिन्याला दारात येऊन उभं राहील.

उत्तर आपल्याच मुलखाच्या इतिहासात सापडलं. निजामाच्या राज्यात, आणि मराठवाडा त्यातलाच, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात बऱ्याच भागांची वसुली मक्त्यानं दिली जायची. जो जास्त बोली लावील त्याला तालुका. बोली आणि वरचा नजराणा भरायला मक्तेदार सावकाराकडून कर्ज काढी, आणि मुदत संपायच्या आत दुसऱ्या कुणी जास्त पैसे टाकले तर मक्ता हातचा जाई. मग तो विहिरी कशाला बांधील? आहे तेवढ्या दिवसांत पिळून घेईल. १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले, त्यांनी ही पद्धत मोडत आणली आणि वसुलीवर पगारी अंमलदार नेमले. सालारजंग हे नाव आज हैदराबादच्या म्युझियममुळं माहीत असतं. पहिल्या सालारजंगांचं खरं काम हे होतं.

तर भानुरायला त्याचं मांडलिकपद वारशानं मिळालेलं नाही. त्यानं ते बोलीत घेतलंय. हिशेब असा मांडला:

तीन पाटांची सरळ वसुली वर्षाला ४५,००० होन. गादीला भरायचे ४०,०००. गढी, शिबंदी, घोडी मिळून १२,०००. नजराण्यासाठी काढलेलं कर्ज ३०,०००, दरसाल दरशेकडा २४ नं व्याज ७,२००. म्हणजे मांडलिकपद हाती आलं त्याच दिवशी माणूस वर्षाला १४,२०० होनांनी खड्ड्यात. मुद्दल फेडायचं वेगळंच. आणि तीन वर्षांनी पुन्हा बोली.

हे १४,२०० कुठून आणायचे, एवढ्यावर अख्खा खेळ उभा राहतो. शीग त्यातूनच येते, अडलेले फेरफार त्यातूनच, पाणाड्यांना गढीत डांबणंही त्यातूनच. भावानं ‘देणं’ नावाचं व्हेरिएबल, म्हणजे कोडमध्ये बदलत राहणारा आकडा, केलं. खेळणाऱ्याला ते दिसणार नाही, पण भानुरायचं प्रत्येक वाक्य त्याला विचारून बाहेर पडेल. देणं कमी असलं की तो मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतो. वाढलं की तसाच फिरवतो, फक्त सोबत विचारतो, “शेत किती रे तुमचं?”

११ जानेवारी २०२५

फॉन्ट बदलला. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ऱ्या मोबाइलवर तुटत होता. बाकी काही नाही.

१९ जानेवारी २०२५

नळदुर्गला जाऊन आलो, भानुरायच्या घरासाठी. बोरी नदीवरचा तो बंधारा नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन किल्ल्यांना जोडतो आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातलं काम. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि आतल्या दालनात उभं राहिलं तर खिडकीपुढून पडदा सोडल्यासारखं पाणी जातं, आत थेंब नाही. आत्ता जानेवारीत धबधबा नव्हता. ते बरंच झालं, गर्दी नव्हती, भिंत नीट बघता आली. पायऱ्या उतरताना हवा बदलते. एका बाजूला अख्ख्या तळ्याचं ओझं आणि दुसऱ्या बाजूला उजेड, मधे माणूस.

भाऊ म्हणाला, “अक्का, हेच घर. तो बंधाऱ्यातच राहतो.”

हो, तो बंधाऱ्यातच राहतो. कुणालाही बाहेरून बंधारा फोडायचा असेल तर आधी त्याचं घर फोडावं लागेल, आणि त्याचं घर फोडलं तर खालची गावं वाहून जातील. त्याच्यावर चालून आलेल्या प्रत्येक सेनापतीला हे तो दालनात बसवून, बासुंदी देऊन, शांतपणे दाखवतो. गढी, शिबंदी, घोडी यांचा मिळून खर्च १२,००० वरून ९,००० केला. अशा घराला शिपाई कमी लागतात. खड्डा आता ११,२०० चा.

भिंतीच्या चुन्यावर लोकांनी आपापली नावं खरवडलीत, बाण मारलेली हृदयं आहेत. ती खेळात नाहीत.

२६ जानेवारी २०२५

भावाचं भांडण: “तुझ्या जगात ज्याला वर चढायचंय तो वाईटच असला पाहिजे का?” मुद्दा बरोबर आहे. देवगिरीचा भिल्लम पाचवा कल्याणीच्या चालुक्यांचा मांडलिकच होता. ११८७च्या सुमारास त्यानं स्वतंत्र राज्य उभं केलं, आणि त्याला कुणी भामटा म्हणत नाही. मलिक अंबर तर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. १६०० साली परंड्याला त्यानं दुसऱ्या मूर्तजाला निजामशाहीच्या गादीवर बसवलं आणि मरेपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत, कारभार स्वतः हाकला. महत्त्वाकांक्षा त्याच्याकडं काय कमी होती? पण जमिनीची प्रत लावून धारा ठरवला, खडकी वसवली, जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी दिलं. तीच खडकी पुढं औरंगाबाद झाली, आता छत्रपती संभाजीनगर.

म्हणून पाचव्या पाटावर एक बाई बसवली, कारभारीण हिराई. बाल-राजाच्या नावानं राज्य चालवते, लबाड आहे, शत्रूला विष द्यायलाही मागंपुढं बघत नाही, पण तिच्या दप्तरात घ्यायचं आणि द्यायचं माप सपाटच. तिलाही गादी हवी आहे. खेळणाऱ्यानं कुणाला मदत करायची ते त्यानं ठरवावं. हिराई तोंडावर ‘नाही’ म्हणते, त्यामुळं पहिल्या तासात ती कुणालाच आवडणार नाही.

२ फेब्रुवारी २०२५

लोकांना भानुराय का आवडतो, हा भाग. सगळ्यात जास्त वेळ याला दिला आणि देणार.

२०१६ चा एप्रिल आमच्या पिढीला सांगावा लागत नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी लागली, दहा वाघिणी, पाच लाख लिटरच्या आसपास. त्याआधी टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून १४४ कलम लावलं होतं. त्या दिवसांत गल्लीत टँकर घेऊन जो येई त्याला लोक काय मान देत! कोणाचा टँकर, पाणी कुठलं, बिल कुणाच्या नावावर, हे विचारायला घशात ओल लागते.

खेळात हा दुष्काळ दुसऱ्या वर्षी येतो. भानुरायच्या पखाली हेल्यांवर लादून गावोगाव जातात. पाणी फुकट. म्हाताऱ्या ओवाळतात. तुम्ही दप्तरात बसून बघता की पखालीमागं गादीकडून दोन होन मंजूर आहेत आणि पखाली शंभर गेल्या तर वहीत तीनशे मांडायच्या आहेत. अजून खोल गेलात, पाणाड्यांची वही उघडलीत, तर दिसतं की गावच्या विहिरी आटल्या त्याच महिन्यात गढीतल्या पाणाड्यांनी सगळं पाणी बंधाऱ्याकडं वळवलंय. त्यांतला एक आता कसलाच आवाज ऐकू शकत नाही. खाणाखुणांनी हिशेब देतो.

तुमचे वरिष्ठ, दप्तरदार, या वेळी तुम्हाला पहिलं पाकीट देतात आणि म्हणतात, “तळं राखील तो पाणी चाखील. चाख.” घ्यायचं की नाही? घेतलं तर आईच्या औषधाचे पैसे सुटतात. नाही घेतलं तर काही होत नाही. शिक्षा नाही, धमकी नाही. फक्त पुढच्या वेळी तुमच्या घरची पखाल उशिरा येते.

काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, “रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला. शेवटी तुझ्या कारकुनालाच निलंबित करतील बघ.” तो शेवटही घातला. खेळात त्याला निलंबन म्हणत नाहीत, बोरू मोडणं म्हणतात.

१५ फेब्रुवारी २०२५

भानुराय गादीपर्यंत पोचतो कसा? भावाला मोठी लढाई हवी होती. मला नको. लढाई लिहायला माझा हात चालत नाही आणि भानुरायचाही चालत नसावा.

नमुना पुन्हा देवगिरीचाच, पण या वेळी लुटणाऱ्याच्या बाजूनं. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा तो सुलतान नव्हता. कडा प्रांताचा सुभेदार, दिल्लीचा सुलतान जलालुद्दीनचा पुतण्या आणि जावई. काकाला न सांगता इतक्या लांब आला, देवगिरीचा यादव राजा रामचंद्रदेव याच्याकडून अमाप सोनं घेऊन गेला, त्याच वर्षी काकाला भेटीला बोलावून गंगेकाठी ठार केलं. मग दिल्लीचा रस्ता. इतिहासकार बरनीनं लिहिलंय की मुक्कामा-मुक्कामाला मंजनिकातून लोकांत सोनं उधळलं जाई. किल्ल्यावर धोंडे फेकायचं यंत्र, त्यातून सोनं! अडवायला पाठवलेले अमीर सोनं घेऊन त्याच्याच बाजूला गेले. दिल्लीचं तख्त घेतलं गेलं ते देवगिरीच्या तिजोरीतून.

भानुरायकडं सोनं नाही, पाणी आहे. उंचवाड्याच्या विहिरी एकेक करून आटत जातात, गादीचे सरदार एकेक करून बंधाऱ्यातल्या त्या दालनात जेवायला येतात, आणि परतताना प्रत्येकाच्या मागं पखालींची रांग असते. शेवटच्या भेटीला खुद्द राजा येतो. तहानलेला. भानुराय उठून उभा राहतो, वाकून मुजरा करतो, पेला पुढं करतो. “महाराजांच्या पाण्याचं बघा,” असं तुमच्याकडं वळून म्हणतो. काय बघायचं ते सांगत नाही. स्क्रीनवर चार पर्याय.

२३ फेब्रुवारी २०२५

देवगिरीचीच आणखी एक गोष्ट वापरली. वेढा पडला तेव्हा घाईघाईनं किल्ल्यात पोती घेतली, धान्य समजून. उघडली तर मीठ. इतिहासकार फिरिश्ता सांगतो ती कथा. तिथं कारण गडबड होती. माझ्या उंचवाड्यात गडबड नाही. कोठाराचा मक्ता भानुरायच्या मेव्हण्याकडं आहे, पोत्यांचं वजन बरोबर आहे, पावत्या बरोबर आहेत, आणि दर वर्षी कोठार तपासून सही करणारा अधिकारी पोत्याला हात लावत नाही कारण पोत्याला हात लावायची पद्धत नाही. तपासणीचा प्रसंग मुद्दाम कंटाळवाणा लिहिलाय. पाच मिनिटं नुसत्या सह्या. मधेच एक पर्याय येतो: ‘बोट ओलं करून पोत्याला लावा.’ बहुतेक लोक तो चुकवतील.

९ मार्च २०२५

पहिल्यांदा बाहेरच्यांना खेळायला दिलं. मावशीच्या मुलीनं एका बैठकीत संपवला. तिनं सगळी पाकिटं घेतली, हिराईचा निरोप फाडला, राजाला पेला दिला, आणि शेवटी भानुराय गादीवर बसल्यावर मला म्हणाली, “माणूस चांगलाय गं. काम करतो लोकांची.” मी काही बोलले नाही. वहीचं बटण दाखवलं. ती वाचत बसली. पखालींच्या पानावर आली, मागं गेली, यमुनाबाई शोधली. यमुनाबाईची पाळी तिसऱ्या वर्षापर्यंत ‘बघा’ वरच होती, आणि त्यापुढं शेताच्या मालकाच्या रकान्यात दुसरं नाव.

“हे मी लिहिलं?” तिनं विचारलं. रकान्यातली नोंद कारकुनाच्याच, म्हणजे तिच्याच निवडीतून झाली होती. तारीखही होती.

तिनं लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. हे आम्हाला हवं होतं.

दुसऱ्या एकानं तक्रार केली की भानुरायला मारता येत नाही. मारता येतो, पण मग पुढच्या महिन्यात बोली निघते आणि नवा मांडलिक ५०,००० कर्ज काढून येतो. तक्रार करणारा तिथपर्यंत पोचला नाही.

१६ मार्च २०२५

उरलेली कामं. बोलीचा प्रसंग अजून विस्कळीत आहे. बोली लावणारे तिघं एकसारखेच बोलतात. हिराईला एक तरी हसायचा प्रसंग द्यायचाय. पाणाड्याच्या खाणाखुणा शब्दांत नीट उतरत नाहीत, त्या दोन पानांसाठी चित्रं काढून घ्यावी लागतील. मीठ ओळखणारा पर्याय आणखी एक सेकंद स्क्रीनवर ठेवायचा.

काकांना मोबाइलवर पूर्ण खेळ दिला होता. आज फोन आला. गोष्ट पटली, म्हणाले, पण पाकिटातल्या रकमा वाचून हसू आलं. “एवढ्याशात कोण फेरफार करतंय माय? पोराला सांग, एक शून्य वाढव.” भावाला सांगितलंय.